लेमन कर्ड घरी कराच
इंग्लंडमधे चहाबरोबर स्कोन (छोटे, जाडसर गोल बेक केलेले पाव) आले की जॅमसोबत लेमन कर्डची बाटली पण टेबलावर येते, आणि मला विचाराल तर जॅमपेक्षा तेच भारी लागतं. नावात कर्ड असलं तरी दह्याशी याचा संबंध नाही. आहे काय त्यात, अंडी, साखर, बटर, लिंबाचा रस आणि सालीचा किस, पण काय सुंदर आंबटगोड लागतं!

4 अंड्यांचे बलक, 100 ग्रॅम साखर, 80 मिली रस आणि किस स्टीलच्या भांड्यात (अल्युमिनियम नको, धातूची चव येते) फेटून घ्यायचं, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, आच मंद, आणि सतत हलवत राहायचं, कारण मिश्रण उकळलं की अंड्याच्या गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. मग 70 ग्रॅम थंड बटरचे तुकडे घालून ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. थंड झाल्यावर अजून घट्ट होतं. किस फक्त वरच्या रंगीत सालीचा घ्या हां, आतलं पांढरं कडू असतं. आपली कागदी लिंबं पण चालतात, फक्त जास्त आंबट असतात म्हणून साखर थोडी वाढवा.

टोस्टवर, स्पंज केकच्या दोन थरांमधे, किंवा नुसत्या चक्क्यात कालवून, कसंही खा. अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्याचा पावलोवा (मेरिंगचा, म्हणजे साखर घालून फेटून भाजलेल्या पांढऱ्याचा केक) करा, मेरिंग खूप गोड असतं त्यामुळे वर हे आंबट कर्ड म्हणजे अगदी परफेक्ट. स्वच्छ बाटलीत फ्रीजमधे आठवडाभर टिकतं, चमचा तेवढा कोरडा घाला.