मांडवा ते सावंतवाडी: कोकणातली चित्रं-शिल्पं बघायची असतील तर

कोकण म्हटलं की समुद्र, मासे नि देवळं असा बेत ठरलेलाच असतो, आमचाही इतकी वर्षं तोच असायचा, पण ह्या हिवाळ्यात मी, माझी बहीण नि तिची मुलगी असे तिघं फक्त चित्रं आणि शिल्पं बघायला म्हणून निघालो. मुंबईकडून खाली सावंतवाडीपर्यंत. मासे खाल्लेच, ते काय सुटतात होय, पण मुक्काम कुठे करायचा नि सकाळी कुठे पोचायचं हे सगळं चित्रांच्या हिशोबाने ठरवलं. तसं जायचं मनात असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला जाता तसं इथे नाही, तिकीट खिडकी, एसी हॉल, भिंतीवर ओळीने फ्रेमा, असं फार कुठे मिळणार नाही. इथली कला ज्यांनी केली त्यांच्याच घरात, अंगणात, गोठ्यात, नाहीतर सरळ उघड्या कातळावर आहे. म्हणजे तुम्ही बरेचदा कुणाच्या तरी घरी जाताय. आदल्या दिवशी फोन करायचा, दुपारी एक ते तीन कुणाचं दार वाजवायचं नाही आणि एका दिवसात चार ठिकाणं उरकायचा विचार सोडून द्यायचा. दिवसाला एक, फार तर दोन.

सुरुवात सासवण्यापासून केली. भाऊच्या धक्क्यावरून रोरोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवली की मांडव्याला उतरायचं, तिथून अलिबागच्या रस्त्याला थोड्याच अंतरावर सासवणे. गाडी नसेल तर गेटवेवरून लाँचने मांडवा आणि पुढे रिक्षा, मात्र त्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे ध्यानात ठेवा. इथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७), म्हणजे नानासाहेब करमरकरांचं राहतं घर आहे नि त्यातच त्यांचं शिल्पालय. पुण्याला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघितलाय ना, तो यांचाच. सासवण्याच्या राममंदिराच्या भिंतीवर पोरवयात त्यांनी महाराजांचं चित्र काढलेलं, ते कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी ह्या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकायला धाडलं. पुढे कलकत्त्याला स्टुडिओ, मग परदेश, नि एवढं सगळं करून माणूस परत आपल्या गावात आला.

अंगणातच सिमेंटची म्हैस आहे. खऱ्या म्हशीएवढी. भाची आधी जवळच जाईना! तिच्या पाठीचं हाड, पोटाकडे सैल सुटलेली कातडी, सगळं सिमेंटमध्ये. आत गेलात की कोळीण, हमाल, शंख फुंकणारी बाई, घरातली माणसं, गावातली माणसं, दाटीवाटीने. मोठ्या लोकांचे पुतळे आहेतच पण मला विचाराल तर करमरकर खरे कळतात ते ह्या साध्या माणसांत. एकेका शिल्पाला पुढून बघून झालं की मागे जा, पाठी बघा. दमून बसलेल्या माणसाची पाठ कशी असते ते आम्ही तिथे कितीतरी वेळ बघत बसलो, खांदे कुठे पडतात, मान कुठून पुढे येते. उजेड खिडक्यांतून येतो त्यामुळे सकाळी जा, संध्याकाळी आतल्या खोल्या अंधारतात. आणि कृपा करून शिल्पांना हात लावू नका, पोरांना आधीच सांगून ठेवा, इथे दोरी-काच काही मध्ये नाही हाच तर ह्या जागेचा मोठेपणा आहे आणि तो आपल्या वागण्यावरच टिकणार आहे.

त्याच पट्ट्यात आता मुंबईच्या लोकांनी नव्या आर्ट गॅलऱ्याही काढल्यात. रांजणपाड्याला द गिल्ड आहे, पूर्वी कुलाब्यात होती, तिथे समकालीन चित्रकारांची प्रदर्शनं लागतात. प्रदर्शन चालू असेल तेव्हाच जाण्यात अर्थ आहे, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. आम्ही आणखी एका खासगी ठिकाणी गेलो, नेटवर उघडं दाखवत होतं नि फाटकाला कुलूप, राखणदार म्हणाला मालक आले की उघडतात. असं होतं इकडे, म्हणून फोन, फोन, फोन. जाता जाता, प्रभाकर बरवे हे आपले एवढे मोठे चित्रकार, त्यांचा जन्म ह्याच तालुक्यातल्या नागावचा, १९३६चा. नागावच्या बीचवर दर शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते, त्यातल्या थोड्यांना तरी हे माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

पुढे खाली उतरायला दोन रस्ते. समुद्राकाठचा धरलात तर आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी करत जायचं, अतिशय सुंदर पण वेळखाऊ, प्रत्येक धक्क्यावर थांबणं आलं. हायवेने गेलात तर लवकर पोचता नि चिपळूण लागतं. आम्ही हायवे धरला, कारण चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर बघायचं होतं. १८६४ सालची संस्था, २००५ नि २०२१ च्या पुरात पुस्तकांचं अतोनात नुकसान झालं तरी पुन्हा उभी राहिली, वरच्या मजल्यावर जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तासाभरात होतं. सावर्ड्याजवळ डेरवणला शिवसृष्टी आहे, महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग पुतळ्यांतून उभे केलेत, लहान मुलं बरोबर असतील तर थांबाच, भाचीला तिथून हलवता हलवता नाकी नऊ आले.

रत्नागिरीत थिबा पॅलेस सगळे सांगतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास हा वाडा बांधला, १९१६ मध्ये राजा वारला. आत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. वास्तू देखणी, रंगीत काचा मस्त, पण मांडलेल्या गोष्टींसाठी अर्ध्या दिवसाचा वेळ ठेवू नका. सोमवार टाळा.

तो वेळ कातळशिल्पांना द्या. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत, कुणी कोरली ते अजून अभ्यासक शोधतायत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत इथली ठिकाणं गेली, उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, शिवाय सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात फणसमाळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबतच्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव सडे पायाखाली घालून ही शोधली, गुराख्यांना विचारत, म्हाताऱ्या माणसांना विचारत. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

सुरुवातीला उक्षीला जा, तिथे हत्ती आहे, भोवती गडगा घालून बघायची नीट सोय केलीय. नंतर मग कशेळी. पावस, पूर्णगड करत कनकादित्याचं देऊळ घेतलंत की गावातच कुणालाही विचारा, सड्यावरची वाट दाखवतात. हा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे आणि गंमत अशी की त्याच्या बाजूला उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही! दिसतात त्या नुसत्या रेघा, मग हळूहळू त्याच्या अंगातच दुसरे प्राणी दिसायला लागतात, मासे, एखादा पक्षी, आणि मग चालत चालत कडेकडेने फिरलं की सोंड कुठे नि पाय कुठे ते जुळतं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलेलं, रेघा अगदी पुसट. गावातले एक काका म्हणाले, "आता काय दिसनार, उन्हं कलली की येवा." मग देवळात बसलो, सोलकढी-भात जेवलो नि साडेचारनंतर पुन्हा गेलो तर तोच दगड निराळा, तिरप्या उन्हाने प्रत्येक खोबणीत सावली भरलेली, रेघ न् रेघ वर उठून आलेली. त्यामुळे सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर, मधल्या वेळात अजिबात नको. पावसाळ्यात नि त्यानंतर लगेच गवत माजलेलं असतं, मार्च-एप्रिलमध्ये कातळ भाजून काढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम. चपला काढून चाला. रेघा फोटोत नीट याव्यात म्हणून खडूने गिरवणारे, पाणी ओतणारे लोक भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

आता पिंगुळी. खरं सांगायचं तर सगळा प्रवास मी ह्या एका जागेसाठी आखलेला. कुडाळपासून पिंगुळी हाकेच्या अंतरावर, स्टेशनवर उतरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं, गुढीपूर म्हणून वाडी आहे तिथे ठाकर आदिवासी कला आंगण. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या घरच्या गुरांच्या गोठ्यात हे संग्रहालय सुरू केलं. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आता मुलंही ह्यातच आहेत. ठाकर समाजाची ही कला, चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या नि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांतून नवरात्रात खेळ व्हायचे. मग सिनेमा आला, टीव्ही आला नि लोक यायचे बंद झाले.

तुम्ही नुसतं बघून निघू नका, खेळ दाखवा म्हणून आधीच सांगून ठेवा. चित्रकथीची चित्रं कागदावर असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एका कथेच्या अशा सगळ्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सुरुवातीला गणपती, मग सरस्वती, मग कथा, रामायणातली नाहीतर महाभारतातली. एक चित्र उभं धरायचं, वीणा, हुडुक नि टाळावर गात गात सांगायचं, ते झालं की दुसरं. चेहरे बहुतेक एका बाजूने, डोळा मोठा, हात बोलताना असतात तसे वर उचललेले. भिंतीवर ते चित्र बघून मला आधी ते स्थिर, जरा ताठ वाटलेलं. पण गाणं सुरू झालं नि त्या उचललेल्या हाताचा अर्थ लागला, तो हात गाण्याच्या ओळीवर येतो, ओळ संपते नि चित्र उलटतं, पुढच्या चित्रात उत्तर देणाऱ्याचा हात वर. भाची पुढे सरकत सरकत पार चित्राला जाऊन टेकली, "मामा, आता तो बाण सोडणार ना?" मला तर वाटतं चित्रकथी गाण्याशिवाय बघणं म्हणजे निम्मीच बघणं. चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून उजेडात नाचवतात तेही बघाच, आणि कळसूत्रीची दोरी हातात घेऊन करून बघायला मिळतं, पोरं खूश.

पैशाचं स्पष्ट बोला. खेळाची बिदागी विचारून घ्या, घासाघीस करू नका, ह्या माणसांनी कुणी विचारत नव्हतं तेव्हा हे सांभाळलंय. चित्रं विकतही मिळतात, छोटी-मोठी सगळी, शोपीस घ्यायचंच असेल तर हायवेवरच्या दुकानातलं कशाला, इथलं घ्या. आम्ही एक घेतलं. कागद गुंडाळायला प्लॅस्टिकची नळी घरून आणा, गाडीत पिशव्यांखाली चुरगळतो.

सावंतवाडी तिथून गाडीने पाऊण तास. मोती तलावाच्या काठावर राजवाडा, आत दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले असतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, वजीर नि एक्का ते दश्शी, म्हणजे एकशेवीस. ही कला जवळजवळ संपलेली, सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. कलाकाराच्या बाजूला थोडं अंतर ठेवून उभे राहा, बोटाच्या पेराएवढ्या जागेत मत्स्यावताराचे खवले काढताना बघितले की बोलायचं सुचत नाही. कुंचल्याला मोजून चार केस असावेत असं वाटलं. पूर्ण संच महाग असतो आणि असायलाच हवा, सुटे पत्ते, डबे, पाट असं परवडणारंही मिळतं. फोटो काढायचा तर आधी विचारा. नंतर चितार आळीत चक्कर मारा, लाकडी खेळणी नि फळं, आंबा, फणस, केळं, पण दोन-चार दुकानं फिरून हाताने रंगवलेलं कुठलं ते नीट बघून घ्या, हल्ली बाहेरचा मालही त्यात मिसळतो.

बाकी बारीकसारीक. रोख ठेवा, सड्यांवर नि वाड्यांत रेंज जाते नि यूपीआय अडकतं. टोपी, पाणी हवंच. म्हातारी माणसं बरोबर असतील तर सासवणे, पिंगुळी, सावंतवाडी आरामात जमतं, कशेळीच्या सड्यावर मात्र ओबडधोबड चालावं लागतं. आणि एकच दिवस हातात असेल, गाडीही नसेल, तर रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरा, स्टेशनबाहेर चहा-नाश्ता उरका, सकाळ पिंगुळीला द्या, दुपारचं जेवण कुडाळच्या एखाद्या खानावळीत, मग एसटीने सावंतवाडी. परतीची गाडी सावंतवाडी रोडवरून पकडणार असाल तर स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, राजवाड्यातून निघताना रिक्षासाठी तासभर हातात ठेवा.