सिझरला किती लागतात?

परवा मामेबहिणीचा फोन आला, सातवा लागलाय तिला, इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग एकदम आवाज खाली करून विचारते, "ताई, सिझरला किती लागतात गं?" आवाज खाली का, तर बाजूच्या खोलीत सासूबाई होत्या आणि घरात सिझर शब्द काढला की त्या म्हणतात अभद्र बोलू नकोस, सगळं नॉर्मलच होणार. मला माझं २०१९ आठवलं. मीपण तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच, बाळाच्या बाबतीत पैशाचं काय विचारायचं असं वाटायचं. तिला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न हळू आवाजात विचारणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.

आमचं हॉस्पिटल पुण्यातलं, नाव लिहीत नाही. पाचव्या महिन्यात रिसेप्शनवर एक छापील कागद मिळाला होता, नॉर्मल ६५ हजार, सिझर १ लाख १० हजार. आम्ही काय केलं, ६५ डोक्यात ठेवले आणि कागद फाइलमध्ये लावून टाकला. सिझर दुसऱ्यांचं होतं असंच वाटत असतं ना. प्रत्यक्षात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के डिलिव्हरी सिझरच्या निघाल्या आणि सरकारी दवाखान्यांतल्या १४.३ टक्के. म्हणजे खाजगीत जवळजवळ अर्ध्या. का, यावर वाद घालायचा तर वेगळी पोस्ट होईल, पण पैशांची तयारी करताना खाजगीत नाव घातलंय तर सिझरचाच आकडा धरायचा, नॉर्मल झाली तर उरलेले पैसे कुठे पळून जात नाहीत.

माझ्या कळा चौदा तास चालल्या, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि रात्री दोन वाजता सह्या घेतल्या. त्याच गडबडीत खाली काउंटरवर नवऱ्याला विचारलं, शेअरिंग रूम फुल आहे, सिंगल देऊ का? तो म्हणाला द्या. शेअरिंगचे दिवसाला २,२०० होते, सिंगलचे ४,५००, त्याने मनात हिशोब केला की चार दिवसांचे नऊ-दहा हजार जास्त जातील, जाऊ देत. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

पण खरी गोम इथेच आहे. रूम म्हणजे नुसतं खोलीचं भाडं नाही. बऱ्याच हॉस्पिटलमध्ये रूमच्या क्लासप्रमाणे सगळेच दर बदलतात, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज, डॉक्टरांच्या रोजच्या व्हिजिट, नर्सिंग, सगळं. ऑपरेशन तेच, टेबल तेच, डॉक्टर त्याच, पण तुम्ही नंतर कुठल्या खोलीत झोपणार त्यावरून बिल ठरतं. वर आमच्याकडे रात्रीचं इमर्जन्सी म्हणून वेगळा टक्का लागला. १ लाख १० हजारांचं पॅकेज होतं ते शेअरिंगचं आणि दिवसाच्या वेळेचं, हे त्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही वाचलंच नव्हतं. माझं बिल झालं १ लाख ४८ हजार. औषधं वेगळी, २१ हजार, त्यात माझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह म्हणून ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शनसुद्धा आलं. ज्यांचा ग्रुप निगेटिव्ह आहे त्यांनी हे आधीच धरा.

आणि मग दुसरं बिल. त्यावर नाव होतं "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव. जन्माला येऊन चार दिवस झालेल्या माझ्या लेकीचा स्वतःचा पेशंट नंबर, स्वतःची फाइल, स्वतःचं बिल! तिला श्वास जोरात लागत होता म्हणून दोन दिवस काचेत ठेवलं होतं, सिझरच्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं, दोन-तीन दिवसांत बहुतेक बरं होतं असं बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आणि झालंही. पण ३४ हजार. ऑपरेशनच्या वेळी उभ्या असलेल्या बालरोगतज्ज्ञांची फीसुद्धा त्यातच. सिझरचं पॅकेज म्हणजे आईचं पॅकेज असतं, बाळ त्यात धरलेलं असेलच असं नाही, हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं.

एकूण २ लाख ३ हजार. नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स होता, ३ लाखांचा, आम्ही त्याच भरवशावर होतो. पण त्या ३ लाखांच्या आत मॅटर्निटीची वेगळी मर्यादा असते, आमच्यात सिझरला ७५ हजार, नॉर्मलला ५० हजार, आणि बाळाचा खर्चही त्याच ७५ मध्ये. राहिले १ लाख २८ हजार.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहा वाजता लेकीला झबलं-टोपडं घालून तयार ठेवली होती, बॅग भरलेली, मी टाक्यांवर हात धरून पलंगाच्या कडेला बसलेली. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, अप्रूव्हल आलं संध्याकाळी साडेसहाला. तोपर्यंत ती दोनदा दूध पिऊन झोपली, टोपडं एकदा बदललं, आणि माझे बाबा कॉरिडॉरमध्ये पतसंस्थेच्या मॅनेजरशी फोनवर बोलत होते, ठेव मुदतीआधी मोडायची होती. दाराच्या फटीतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. "व्याज जाऊ द्या हो, आज मिळतील का तेवढं सांगा," हे वाक्य मला अजून ऐकू येतं. (आता विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम केलाय की कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची. उशीर झाला तर हा नियम तोंडावर बोलून दाखवा.)

दुसऱ्या वेळी २०२२ ला मी सातव्या महिन्यातच वही घेऊन बसले. पुणं नको, माहेरी जायचं ठरवलं, तासगावहून मिरज जवळ आणि मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. पहिलं सिझर होतं, माझी केस बघून डॉक्टरांनी दुसरंही सिझरच करू म्हटलं, म्हणजे तारीख माहीत होती, तेवढी एक सोय. एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये मॅडमच्या समोर बसून सरळ विचारलं, मॅडम, आकडा सांगा, आणि त्यात काय धरलंय काय नाही ते पण सांगा. त्यांना अजिबात राग आला नाही. उलट स्वतः कागद घेऊन लिहून दिलं. भूलतज्ज्ञ आणि असिस्टंट धरून आहे का, किती दिवसांचा स्टे, एक दिवस वाढला तर किती, औषधं आत की बाहेर, बाळाचे डॉक्टर धरून का, रात्री करावं लागलं तर जास्तीचे किती, आणि बाळाला काच लागली तर ती सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण छोट्या ठिकाणी बऱ्याचदा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नसतो आणि मग आई एकीकडे, बाळ एकीकडे, खर्च दोन्हीकडे.

सगळं मिळून ६८ हजार झाले. त्यात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन त्याच वेळी करून घेतलं, त्याचे पैसे वेगळे, आणि विम्यात ते बसत नाही, हेही आधी माहीत होतं म्हणून धक्का बसला नाही.

विम्याचं अजून थोडं, कारण लोक इथेच फसतात. स्वतः काढलेल्या पॉलिसीत मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो, कुठे नऊ महिने, कुठे दोन-तीन वर्षं, म्हणजे दिवस राहिल्यावर पॉलिसी काढून या बाळंतपणाला उपयोग नाही, लग्न ठरलं की तेव्हाच बघायला हवी. रूमची मर्यादाही बघा. समजा पॉलिसीत दिवसाला ३,००० ची रूम आहे आणि तुम्ही ४,५०० ची घेतली, तर वरचे दीड हजारच तुमचे असं नाही, सर्जनच्या फीपासून ओटीपर्यंत बऱ्याचदा दोन तृतीयांशच मंजूर होतात, औषधांना मात्र ही कात्री लागत नाही. आणि ५,००० च्या वरची रूम असेल तर भाड्यावर ५ टक्के जीएसटी.

माझ्या वहिनीचं सिझर सिव्हिलला झालं. शून्य रुपये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, सरकारी दवाखान्यात सिझर असलं तरी ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवसांपर्यंत जेवण, सगळं मोफत, घरी सोडायला १०२ ची गाडी आली. गर्दी होती, सोबतीला थांबलेल्या माझ्या आईला रात्रभर जमिनीवर चटई टाकून झोपावं लागलं, ते खरं आहे. पण टाके नीट भरले, बाळ छान आहे आणि भावाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. सिव्हिलला गेलो म्हणजे परिस्थिती नाही असं चारचौघांत वाटेल म्हणून कर्ज काढून खाजगीत जाणारे मी बघितलेत, मला त्याचं फार वाईट वाटतं.

खाजगीत जाणार असाल तर दरपत्रक मागा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावणं नर्सिंग होमना बंधनकारक आहे. भिंतीवर नसेल तर विचारा कुठे आहे. मागणं म्हणजे भांडण नाही.

मामेबहिणीला माझ्या त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. काल तिने तिच्या पानाचा फोटो पाठवला, शनिवारच्या व्हिजिटला घेऊन जाणार आहे. तिचे सहा प्रश्न निळ्या पेनाने, आणि खाली सातवा, पेन्सिलने, थरथरत्या मोठ्या अक्षरात, "बाळाला काचेत ठेवलं तर रोजचे किती?" अक्षर कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली सासूबाईंचं.