फॉल कलर्स, कॉफी फिल्टर आणि तुळशीची कुंडी

कोलंबस डेच्या (ऑक्टोबरातली सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंडला न्यू हॅम्पशायरला जाऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं, कारण त्याच तीन दिवसांत अख्खं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्य कोपरा, रंग बदललेली पानं बघायला घराबाहेर पडतं, पण सासूबाई सांगलीहून आल्या होत्या आणि मुलांना सुट्टी तेवढीच, मग काय, निघालो. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या घरापासून तिथल्या लिंकन गावाला अडीच तास लागतात म्हणे, आम्हाला चार लागले. पेट्रोल लिंकनलाच भरून घ्या हं, तिथून कॉनवेपर्यंतच्या ५५ किलोमीटरच्या कँकामॅगस हायवेवर एकही पंप नाही आणि फोनला रेंज पण जवळजवळ नाहीच.

या वेळी मुलांना कामाला लावायचं ठरवलं होतं, नाहीतर दर वर्षी मागच्या सीटवर भांडणं आणि डोनट एवढंच होतं. काम एकच: एकाच झाडाखाली पाच वेगळ्या रंगांची पानं शोधायची. वाटेतल्या सबाडे फॉल्स या धबधब्यापाशी पार्किंग मिळेना, दोन चकरा मारल्या, शेवटी एक गाडी निघाली. तिथल्या एका मेपलच्या खालच्या फांदीवर दोन पानं एकमेकांवर चिकटलेली होती, मोठीने (वय ९) वरचं उचललं तर खालच्या लालभडक पानावर वरच्या पानाचा पिवळा ठसा! मग सगळी फांदी तपासून झाली, उन्हाकडची पानं लाल, आतली पिवळी. लाल रंग या दिवसांत नव्याने तयार होतो, पानातली साखर आणि ऊन लागतं त्याला. पिवळा मात्र उन्हाळाभर पानातच असतो, हिरव्याखाली झाकलेला.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे थंडी सरताना पानं गळतात, इथं थंडी यायच्या आधीच?" प्रश्न भारी होता. आपल्याकडे झाडं पुढच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी पाणी वाचवतात, इथे जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, म्हणजे फिरून पाण्यापाशीच आलो. पण ऑटम म्हणजे शरद हे काही त्यांना पटलं नाही, शरद म्हणजे चांदणं आणि आटवलेलं दूध, हे कुडकुडणं कसलं!

घरी आल्यावर हिरवी पानं बारीक फाडून रबिंग अल्कोहोलमध्ये (जखम पुसायचं स्पिरिट) घातली, ग्लास गरम पाण्यात ठेवला (अल्कोहोल गॅसवर अजिबात नाही) आणि कॉफी गाळायच्या कागदी फिल्टरची पट्टी त्यात सोडली. तासाभराने हिरवा वर चढला आणि त्याच्याही पुढे एक फिकट पिवळी रेघ. "आई, तो आतच होता!" धाकटा ओरडला. लाल पानांचा प्रयोग साफ फसला, नुसता मळकट चहासारखा डाग.

येताना एका बागेत सफरचंदंही तोडली, ओढायचं नाही, वर उचलून पिळायचं म्हणजे देठासकट येतं. पण धाकट्याला सफरचंदांत रस नव्हता, त्याने पार्किंगमधल्या ओकखालून पिशवीभर एकॉर्न (ओकची टणक, टोपीवाली फळं) गोळा केले, टोप्यांसकट. पिशवी किचन काउंटरवर राहिली ती राहिलीच. चौथ्या दिवशी सकाळी चहा करायला गेले तर काउंटरवर तांदळाच्या दाण्याएवढ्या, गुबगुबीत पांढऱ्या अळ्या, आणि एकॉर्नला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं! मी किंचाळले ते सोडा. सोंडकिडा उन्हाळ्यात कोवळ्या एकॉर्नमध्ये अंडी घालतो, अळी आतला गर खाऊन मोठी होते, एकॉर्न खाली पडलं की भोक पाडून बाहेर येते आणि मातीत शिरते, तिथे एक-दोन वर्षंसुद्धा राहते.

हे सगळं मी वाचून दाखवेपर्यंत धाकट्याने अळ्या चमच्याने उचलून त्यांच्यासाठी माती शोधली होती. थंडीमुळे आत आणून ठेवलेली तुळशीची कुंडी.

सासूबाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.