तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवर बघण्यासारखं काय आहे?

लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी दवाखान्यात नंबर लावून बसले असतानासुद्धा, मी मालिकांचं एडिटिंग करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो ताई, पूर्वी किती छान मालिका लागायच्या! आता असं का झालंय? आणि बघायचं तरी काय?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, आणि विषय बदलला की घरी येईपर्यंत मनाला लागून राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिकेचा भाग साधारण २२ मिनिटांचा असतो. आठवड्याला असे सहा भाग. सेटवर बारा-तेरा तासांची शिफ्ट चालते, तरी पाऊस, आजारपण, कुणाचा नाटकाचा प्रयोग असं काहीतरी आडवं येतं आणि हाताशी असलेली भागांची बँक संपते. मग रात्री तुम्ही बघणार तो भाग दुपारी माझ्या टेबलावर येतो, आणि लावून बघितला तर भरतो सतरा मिनिटं. उरलेली पाच मिनिटं एडिटमध्ये उभी करायची. कालचा शेवट पुन्हा दाखवायचा, एक फ्लॅशबॅक टाकायचा, सासूने मान वळवली ती तीन अँगलने तीनदा लावायची आणि प्रत्येक वेळी खाली संगीताचा दणका द्यायचा. तुम्हाला वाटतं दिग्दर्शकाला हेच आवडतं. दिग्दर्शक त्या वेळी सेटवर उद्याचे सीन संपवत असतो.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. एका मालिकेत मुलगा घर सोडून जातोय असं आईला सांगतो. आईचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मुलाचं वाक्य झालं आणि त्यांची बोटं थांबली. वर बघितलंच नाही. मग हातातलं देठ त्यांनी पानांच्या ढिगात टाकलं, लक्षात आल्यावर उचलून कचऱ्यात टाकलं आणि पुढची काडी घेतली. बस. अकरा सेकंदांचा एक सलग शॉट. मी तो तसाच ठेवला, खाली संगीतही घातलं नाही. तासाभरात वरून फोन आला, "क्लोज कुठेत? आईला धक्का बसलाय हे कळत नाहीये." क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट, घेतलेलेच होते, सेफ्टीला म्हणून घेतातच. मी ते तीन क्लोज लावले, दणके लावले, आणि ते देठ गेलं. आज कित्येक वर्षं झाली, पण मला तो शॉट सेकंदासकट पाठ आहे.

कलाकार चांगले राहिले नाहीत, लेखकांना लिहिता येत नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यामुळे. ते देठ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या क्षेत्रात एक समज पक्का झालाय, की प्रेक्षक मालिका बघत नाहीत, ऐकतात. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना बाहेरच्या खोलीतला आवाज कानावर पडला पाहिजे आणि कथा कळली पाहिजे. म्हणून प्रत्येक पात्र मनातलं सगळं मोठ्याने बोलतं, म्हणून दणके. समज खोटा नाही. मिरजेला माझी आई वर्षानुवर्षं अशाच मालिका ऐकत आली आहे. पण बाईला बसून बघायची फुरसत नाही, म्हणून तिला बसून बघण्यासारखं काही द्यायचंच नाही, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट गुरुवारची. टीव्हीवर काय किती बघितलं जातं याचे आकडे २०१५ पासून बार्क ही संस्था काढते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत त्यासाठी मीटर आहेत. दर गुरुवारी आकडे आले की ठरतं कुठल्या पात्राचा ट्रॅक, म्हणजे कथेतला धागा, वाढणार आणि कुणाचा गुंडाळणार. शुक्रवारी लेखकाला फोन जातो, की ती मेलेली बहीण परत आणा. मोजणी असायला माझी हरकत नाही, जाहिरातीचे पैसे त्यावरच येतात. पण कथेचा शेवट कुणालाच माहीत नसेल तर सुरुवातीला पेरलेलं उगवणार कुठे? २०२० साली सुरू झालेली 'सावित्रीजोती' त्याच वर्षाअखेर थांबली, पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही म्हणून. जोतीराव आणि सावित्रीबाईंचं आयुष्य अर्ध्यावर सोडून थांबावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रोजची मालिका म्हणजे वाईटच, असंही नाही. स्टार प्रवाहवर २००८ मध्ये सुरू झालेली सतीश राजवाडेंची 'अग्निहोत्र' रोजचीच होती. नाशिकचा तो वाडा, विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे अशी माणसं, आणि गोष्ट कुठे जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे याचा विश्वास. 'उंच माझा झोका'ही रोजची. तिथे तर रमाबाई रानड्यांचं आयुष्यच वाट दाखवायला होतं.

आता बघायचं काय. आधी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ पासून अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, लागायची, आठवड्यातून एकदा. दिलीप प्रभावळकरांचे आबा पुन्हा बघा, पण या वेळी इतरांकडे लक्ष द्या. एक जण बोलत असताना बाकीचे काय करतायत ते बघा. कुणी पेपर वाचतंय, कुणी पाणी पितंय, कुणी ऐकतच नाहीये. खऱ्या घरात असंच असतं, आणि हे तालमीशिवाय येत नाही, तालमीला वेळ लागतो.

चालू कार्यक्रमांत 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. सगळी प्रहसनं जमत नाहीत, कधी आरडाओरडाच जास्त होतो. पण समीर चौघुले, नम्रता संभेराव यांचं टायमिंग मी एडिटर म्हणून मागे-पुढे करून बघते. तिथे कापायला जागा सापडत नाही. आणि प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत संपतं, हे फार मोठं सुख आहे.

यूट्यूबवर 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा. प्रकाशयोजना साधी, आवाज कधी कधी वाऱ्यात जातो. पण माणसं ज्या ओट्यावर बसलीत तो ओटा त्यांचा आहे आणि तोंडातली बोली त्यांची आहे. आमच्या मालिकांत गावाकडची सून झोपेतसुद्धा दागिने घालून असते, त्यानंतर हे बघितलं की बरं वाटतं. सह्याद्री वाहिनीच्या जुन्या मुलाखतीही यूट्यूबवर आहेत. पाहुणा विचार करतोय आणि कॅमेरा थांबलाय, असं आता फार दिसत नाही.

मागच्या महिन्यात मिरजेला गेले तेव्हा आईच्या टीव्हीला फोन जोडून टिपरेचे दोन भाग लावून दिले. पहिला भाग तिने नेहमीसारखा आतूनच ऐकला. दुसरा सुरू झाला तशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "थांबव जरा. गॅस बंद करून येते."