मिन्नेरियाचं पाणी

हबरणा, श्रीलंका
19 ऑगस्ट, रात्रीचे साडेदहा

तळपाय अजून चुरचुरतायत. काल पोलोन्नरुवाला, जुन्या राजधानीच्या अवशेषांत, चपला बाहेर काढून भर दुपारी दगडावरून चाललो, त्याची ही फळं. आमच्या पुढे चाललेल्या एका गोऱ्या आजीबाई जाड मोजे घालून आल्या होत्या. मी मनात हसलो होतो. दहा पावलांतच हसू जिरलं. हिने सकाळीच सांगितलं होतं, "मोजे घे." त्यावर आज दिवसभर काही बोलली नाही, हे तिचे उपकारच.

तिथलं गल विहार मात्र पाय भाजून घेण्याच्या लायकीचं. एकाच खडकात चार मूर्ती कोरल्यात, त्यातली पहुडलेल्या बुद्धाची जवळजवळ 14 मीटर लांब. एवढ्या मोठ्या कामात माझी नजर अडकली ती उशीवर. डोक्याच्या भाराने उशी जिथे दबली असेल, तिथे ती खरंच दबलेली दाखवलीय. दगडाची उशी, आणि तिला खळगा! मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, म्हणजे एका पायावर आणि मग दुसऱ्या.

सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याबद्दल लिहीत नाही. 1200च्या आसपास पायऱ्या, त्यांवर तेवढीच माणसं. बघितलं.

खरी गोष्ट आजची. मिन्नेरिया तलावावरचे हत्ती.

इथल्या कोरड्या महिन्यांत तलाव आटत जातो, मागे सरकणाऱ्या पाण्याच्या कडेने कोवळं गवत उगवतं, आणि आजूबाजूच्या जंगलातले कळप तिथे गोळा होतात. चांगल्या वर्षी 200-300 हत्ती. आम्ही मोजायला लागलो तर 80च्या पुढे गोंधळ उडाला. पण संख्येपेक्षा लक्षात राहिली ती एक हत्तीण, जीपपासून वीसेक फुटांवर. गवत इतकं आखूड की सोंडेत येईना. तर ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडायची, सुटलेला झुबका सोंडेने उचलायची, पायावर दोनदा आपटून माती झाडायची आणि मग तोंडात. माझी आजी बांधावरची भाजी खुडून अशीच झाडायची. पिल्लू तिच्या पोटाखाली उभं राहून तेच करू बघत होतं. त्याच्या सोंडेत मातीच जास्त येत होती.

जीप खूप झाल्या होत्या, ही तक्रार नोंदवून ठेवतो. एका कळपाला वीस-बावीस गाड्यांनी घेरलं होतं आणि त्यातली एक आमची होती.

हा तलाव निसर्गाने केलेला नाही. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन राजाने तो बांधला, अंबन गंगेचं पाणी कालव्याने आणून. लोक त्याला अजून 'मिन्नेरी देवियो' म्हणून पुजतात. तलाव बांधला म्हणून देव झालेला राजा! इकडे तलावाला 'वॅव' म्हणतात, म्हणजे आपली वापीच. मीठ म्हणजे 'लुणू', लोणच्यातलं लोण.

आम्ही उतरलोय त्या घरचे आजोबा पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. रात्री जेवताना त्यांनी ताटाशेजारी सांडलेल्या रश्शात बोट बुडवून मला गावतलावाचा नकाशा काढून दाखवला. मोडकं इंग्रजी त्यांचं, तितकंच मोडकं माझं, पण पाण्याच्या गोष्टीला भाषा फारशी लागत नाही. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा, 'गस्गोम्मन', वाऱ्याने पाणी उडू नये म्हणून. पाळीच्या खाली झाडोऱ्याची पट्टी, 'कट्टकडुव', झिरपणारा खारटपणा शेतात जाऊ नये म्हणून. पाणी सोडण्याच्या मोरीला विहिरीसारखा चौकोनी हौद, 'बिसोकोटुव'. पाण्याचा जोर तिथे मोडतो आणि पाळ फुटत नाही. आणि तलावाच्याही वर एक खड्डा, 'गोडवल'. गाळ तिथे थांबतो आणि रानातली जनावरं तिथेच पाणी पितात, गावात उतरत नाहीत.

त्या खड्ड्यावर मी अडकलो. जनावराचा वाटा आधीच काढून ठेवलेला.

माझं आजोळ गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नवेगावबांधजवळ. आमचे मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, कोहळी समाजाने बांधलेल्या पारी म्हणजे पाळी, हे सगळं मला पाठ. हत्ती मात्र आमच्याकडे गोष्टीतलेच. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढच्या वर्षी थेट आमच्या धानात. मामांचं दीड एकर गेलं. संध्याकाळी जीपमधून त्यांना व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं बघा. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लय हायेत बाप्पा. तिथं धान हाये का जवळ?"

मी म्हटलं, आहे.

"मंग रात्री लोकं झोपत नसतीन."

आजोबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. 2011च्या गणतीत देशभरात 5,879 हत्ती मोजले होते. 2019 या एका वर्षात 400च्या वर मेले, बरेचसे माणसाच्या हातून. मरणारी माणसंही कमी नाहीत. गोडवल बऱ्याच ठिकाणी बुजले, त्यावर शेतं आली. वर मोरगहकंदचं धरण झाल्यापासून मिन्नेरियात नको त्या दिवसांत पाणी चढतं आणि कुरण बुडतं, असं इथले जीपवाले चिडून सांगतात. आजोबांनी आयुष्य पाटबंधाऱ्यात घालवलेलं, त्यामुळे धरणाला नावं ठेवायला त्यांची जीभ वळेना. "पाणी शेतकऱ्यालाही पाहिजे," एवढंच म्हणाले आणि रश्शाचा तलाव फडक्याने पुसून टाकला.

आम्ही हात धुवायला उठलो तेवढ्यात लांबून दोन बार ऐकू आले. ही दचकली. मला वाटलं लग्न असेल.

"अली वेडी," आजोबा म्हणाले. हत्ती हुसकायचे फटाके. त्यांचा धाकटा भाऊ तिकडेच झाडावरच्या मचाणात बसलाय, भात कापणीला आलंय. कुठले हत्ती, असं मी विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "संध्याकाळी तुम्ही फोटो काढले तेच की."

ही झोपली. मी पडवीत बसून लिहितोय, पाय थंड पाण्याच्या घमेल्यात. आत्ता तिसरा बार झाला. या वेळी बराच जवळ.