देव्हाऱ्यातली देवी

वस्तुसंग्रहालयात जुन्या धातूंची साफसफाई हे माझं काम. एक दिवस सत्तरीचे एक काका फडक्यात गुंडाळलेली, तळहाताहून मोठी, जड चकती घेऊन आले. वर कुंकू, तेल, काजळी यांचा बोटाच्या पेराएवढा थर. “देवी आहे. पण खाली आजोबांचं नाव आहे म्हणतात.”

भिंगाखाली धरली. त्रिशूळ हातात, पुढ्यात सिंह. देवीच वाटणार कुणालाही! कडेने मात्र रोमन अक्षरं डोकावत होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने मृत सैनिकांच्या वारसांना पाठवलेलं हे कांस्यपदक, बारा सेंटिमीटर व्यासाचं. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप. घरच्यांनी तिला भवानी मानून देव्हाऱ्यात बसवलं, आणि शंभर वर्षं रोज कुंकू लावलं.

आजोबा ११७ मराठा पलटणीत होते. ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत,’ एवढीच घरात चालत आलेली गोष्ट. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं. ही पलटण पुणे डिव्हिजनबरोबर टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली, वाटेत टेसिफॉनला अडली आणि मागे फिरून कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी सैन्याने शरणागती पत्करली. आजोबा लढाईत गेले की वेढ्यात, की नंतर तुर्कांच्या कैदेत, ते काकांना ठाऊक नव्हतं.

“नाव तोंडपाठ आहे हो,” काका म्हणाले, “पण लिहिलेलं कुठेच नाही.” त्यांच्या गावच्या संगमरवरी पाटीवर किती गेले, किती कामी आले, एवढंच. बसऱ्याला त्या युद्धातल्या मृतांचं स्मारक आहे, त्याचंही तसंच. तिथे ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे, पण इंग्रज शिपायाचं नाव कोरलंय आणि आपल्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. मला याचा राग येतो, कामाच्या वेळी येऊ नये तरी येतो. या पदकावर मात्र हुद्दासुद्धा नसतो, फक्त नाव. सगळे सारखे म्हणून.

निघताना काकांच्या आईने बजावलं होतं, देवीला घासायचं नाही. आमच्या शिस्तीत असं अर्धवट काम बसत नाही. तरी मी बाईला आणि सिंहाला हात लावला नाही. सिंहाच्या वरची, नावाची चौकटच तेवढी घेतली. कापसाच्या बोळ्याने थर मऊ करायचा, बांबूच्या काडीने खरवडायचा. तीन तास गेले. लाल चिखल सुटत गेला आणि एकेक अक्षर उठून वर आलं. आडनावाचं स्पेलिंग कुणा कारकुनाने भलतंच केलेलं.

काकांनी चष्मा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

एका ‘ए’च्या पोटात कुंकवाचा ठिपका उरला होता. काडी उचलली तर म्हणाले, “असू दे ताई, तो राहू दे.”