पगारपत्रकातला चर्च-कर आणि आमचा दशमांश

जर्मनीत नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. अर्जात नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, यांच्या सोबत धर्माचाही एक रकाना असतो. पुण्या-मुंबईहून आलेले बहुतेक मराठी लोक तो मोकळा सोडून पुढे जातात. आम्हा ख्रिस्ती लोकांना मात्र तिथे थांबून विचार करावा लागतो. त्या रकान्यात ‘प्रॉटेस्टंट’ किंवा ‘कॅथलिक’ लिहिलं, की पगारातून आयकराबरोबर चर्च-करही कापला जाऊ लागतो. जर्मन भाषेत त्याला किर्शेनश्टॉयर म्हणतात.

मी नगरची. आमची मंडळी, म्हणजे आमचं गावचं चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे 1970 साली नागपुरात ज्या एकत्रित चर्चची स्थापना झाली त्यातली. नोकरीसाठी आम्ही दोघं स्टुटगार्टला आलो. हे शहर 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि मोटारींच्या धंद्यामुळे पुण्याकडचे इंजिनिअर इथे पुष्कळ. घरी गेले की मंडळीतले लोक हमखास विचारतात, तिकडे दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवाच्या कामासाठी काढलेला दहावा हिस्सा, कसा देता? कर कापला जातो म्हणजे दशमांश दिल्यासारखंच ना? अमेरिका-इंग्लंडात राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. जर्मनीत तो पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी करातलं गणित. चर्च-कर उत्पन्नावर बसत नाही, आयकरावर बसतो. बव्हेरिया आणि आमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या 8 टक्के आहे, बाकी राज्यांत 9 टक्के. ढोबळ उदाहरण घ्या. एकट्या माणसाचा महिन्याचा पगार 5000 युरो आहे. त्यातून आयकर 800 युरो गेला, तर चर्च-कर 64 युरो. आरोग्यविमा, पेन्शन, बेकारीविमा वगैरे कापून हातात 3100 च्या आसपास येतात. 5000 चा दहावा हिस्सा 500 आणि इथे कापले गेले 64. दोन्ही एकच, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून बघावेत.

या कराचा इतिहासही मला महत्त्वाचा वाटतो. 1803 मध्ये जर्मन संस्थानांनी चर्चच्या जमिनी आणि मठ मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले. चर्चचं उत्पन्नाचं साधन गेलं, म्हणून एकोणिसाव्या शतकात एकेका राज्याने चर्चला स्वतःच्या सभासदांवर कर बसवण्याचा अधिकार दिला. 1919 च्या वायमार राज्यघटनेत तो लिहिला गेला आणि 1949 च्या आजच्या घटनेतही तसाच आला. सरकार चर्चच्या वतीने पैसे गोळा करतं आणि त्या कामाचं शुल्क घेतं. नको असेल तर कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद करता येते, कर बंद होतो. दरवर्षी पुष्कळ लोक तसं करतात. कॅथलिकांच्या बाबतीत बिशपांनी 2012 मध्ये स्पष्ट सांगितलं, की असं करणाऱ्याला कम्युनियनसारखे चर्चचे संस्कार मिळणार नाहीत.

मी तो कर मनापासून भरते. या पैशावर पाळकांचे पगार होतात, जुन्या इमारती उभ्या राहतात, तुरुंगात आणि इस्पितळांत प्रार्थनेला माणूस जातो. पण त्यात माझा हात कुठेच नसतो. पगारपत्रकात एक ओळ येते आणि रक्कम वजा होते. दशमांश हातातून जावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पगाराच्या दिवशी किराणा, दूध, आमच्या फीया यांच्या आधी ती दशमांशाचं पाकीट भरायची, वर महिन्याचं नाव लिहायची आणि रविवारी दानार्पणाच्या वेळी थैलीत टाकायची. आजी त्याच्याही आधीच्या पिढीतली. भाकरीचं पीठ घेताना ती एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की तो पाळकसाहेबांच्या घरी जायचा. आजीच्या हाती रोख पैसा क्वचितच असायचा, पण देणं कधी थांबलं नाही.

इथे आल्यावर आम्हा दोघांना ठरवायचं होतं, की दहावा हिस्सा कशाचा काढायचा? पूर्ण पगाराचा की हाती येणाऱ्या रकमेचा? यावर मंडळीत भांडणं होतील इतकी मतं आहेत. पूर्ण पगाराचाच द्यावा म्हणणारे बायबलातलं ‘प्रथम उपज’, म्हणजे पिकातलं पहिलं देवाला द्यायचं वचन, दाखवतात. आम्ही हाती आलेल्या रकमेवर काढतो. जो पैसा आमच्या खात्यावर कधी येतच नाही, ज्यातून शेजाऱ्याचं ऑपरेशन आणि म्हाताऱ्यांचं पेन्शन होतं, तो माझं पीक आहे असं मला वाटत नाही. चर्च-कर मात्र आम्ही दशमांशातच धरतो, कारण तो मंडळीलाच जातो. वरच्या उदाहरणात हातात आलेले 3100 आणि चर्च-कराचे 64 मिळून 3164 होतात. त्याचा दहावा हिस्सा 316. त्यातले 64 आधीच गेले, उरले 252. एवढे आम्ही स्वतःच्या हाताने देतो. कुणी म्हणेल हा पळवाटेचा हिशोब आहे. आम्ही तो प्रार्थना करून ठरवला आणि त्यावर आमचं मन शांत आहे.

पगार महिन्याच्या शेवटी जमा होतो. एक तारखेला बँकेतून ही रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाते. त्यानंतर घरभाडं, भारतातल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता, आई-बाबांना पाठवायचे पैसे, अडीअडचणीसाठीची शिल्लक, आणि मग घरखर्च. महिनाअखेरीला उरेल ते द्यायचं म्हटलं तर काही उरत नाही. हे पगार कितीही वाढला तरी खरं राहतं, असं मी आजूबाजूला पाहिलंय. आधी काढलं की बाकीच्या खर्चांना आपोआप शिस्त लागते. आमचं घर लहान आहे, गाडी नाही, आणि दशमांश खात्यात गेल्यावर जे उरतं तेवढ्यातच आम्ही सुट्टी ठरवतो.

कर्जाबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते. हप्ता हा दुसऱ्याचा पैसा आहे. तो थकवून दशमांश देऊ नये. हप्त्याखाली दबलेल्या माणसाने शंभर रुपये दिले तरी ते दान आहे, आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दानपेटीत टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूचं लक्ष गेलं हे आपण सगळे रविवारच्या शाळेत शिकलोय. उलट काही प्रचारक मोबाईलवर सांगत असतात, की दशमांश द्या, देव दुप्पट परत करील, कर्ज फिटेल. त्यासाठी ते बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय वाचतात. त्याच अध्यायात दशमांश ज्या भांडारात आणायला सांगितलाय, ते भांडार म्हणजे धान्याचं कोठार होतं. नहेम्याचा तेरावा अध्याय वाचा: लेव्यांचे, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांचे, वाटे पोचले नाहीत म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. सेवा करणाऱ्याच्या घरात अन्न असावं, यासाठी दशमांश होता. घामाचा पैसा दुप्पट होईल या आशेने देणाऱ्या गरीब विश्वासणाऱ्यांना पाहून मला राग येतो, देणाऱ्यांचा नव्हे, सांगणाऱ्यांचा.

वेगळ्या खात्यातले पैसे कुठे जातात तेही सांगते. एक वाटा इथल्या मंडळीला. चर्च-कराशिवाय आमच्याकडे वर्षातून एकदा ऐच्छिक वर्गणीचं पत्र येतं. त्यात दोन-तीन कामं लिहिलेली असतात, आणि आपण कोणत्या कामाला देतोय ते आपणच निवडतो.

दुसरा वाटा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेव्याबरोबर उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायला सांगितलाय. उपरी म्हणजे परका माणूस, आणि या देशात मी स्वतः परकी आहे, म्हणून हे वचन मला फार जवळचं. स्टुटगार्टच्या लिओनहार्ड चर्चमध्ये 1995 पासून हिवाळ्यात काही आठवडे ‘फेस्परकिर्शे’ चालते. चर्चच्या आतच टेबलं मांडतात आणि बेघर, एकाकी, तुटपुंज्या पेन्शनीवर जगणारी म्हातारी माणसं तिथे नाममात्र पैशांत गरम जेवतात. आमचा दुसरा वाटा तिथे जातो. नोव्हेंबरात जादा पगार मिळतो, त्याचा दशमांश ‘ब्रोट फ्युअर दी वेल्ट’ला, म्हणजे 1959 पासून नाताळाआधीच्या आगमनकाळात जगभरच्या भुकेल्यांसाठी दान गोळा करणाऱ्या इथल्या प्रॉटेस्टंट संस्थेला.

तिसरा वाटा नगरला. इथे परदेशातल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या भारतीय संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही. पण भारतीय नागरिकत्व टिकवून परदेशात राहणाऱ्याने आपल्या बचतीतून, बँकेमार्फत रीतसर पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. पासपोर्ट बदलला की चित्र बदलतं. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी तो पैसा परदेशीच. तेव्हा गावच्या मंडळीला पैसे पाठवण्याआधी आपलं नागरिकत्व त्यांना कळवा, पासपोर्टची प्रत द्या, पावती घ्या. मंडळीच्या खजिनदाराला अडचणीत टाकून दान करू नये.

नगरला पाठवलेल्या पैशावर जर्मनीत करसवलत मिळत नाही, इथल्या मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्यावर मिळते. एकूण उत्पन्नाच्या 20 टक्क्यांपर्यंतची देणगी वजा होते, 300 युरोपर्यंतच्या देणगीला बँकेची नोंदच पुरते, त्याहून मोठी असेल तर पावती लागते. भरलेला चर्च-करही विवरणपत्रात वजा होतो. सवलत मिळते म्हणून नगरचा वाटा कमी करायचा का, यावर आम्ही बोललो होतो. केला नाही. ज्या मंडळीने माझा बाप्तिस्मा केला, जिथे हंगामाच्या सणाला लोक अजून ज्वारी आणि कोंबड्या आणून लिलावात देतात, तिथला वाटा करात बसतो की नाही हे बघून मी ठरवणार नाही.

विवरणपत्र भरलं की उन्हाळ्यात काही कर परत येतो. तोही आमच्या हाती आलेला पैसा, म्हणून त्याचाही दहावा हिस्सा निघतो. यंदाचा नगरच्या रविवारच्या शाळेला पाठवलाय, मुलांसाठी बाकं करायची आहेत म्हणून.